बिनभाड्याचें बिऱ्हाड

‘फुकट’ ह्या शब्दाला आमच्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. फुकटचा सल्ला, फुकटची दगदग, फुकट गेलेला जन्म आणि फुकट जेवणारा पाहुणा, ह्यांपैकीं एकाहि ठिकाणीं तो सन्मानानें वावरतांना दिसत नाहीं. आमच्या वाडवडिलांना दानाचें वावडें होतें असें नव्हे; परंतु दान म्हटलें कीं हातावर उदक सोडावयाचें आणि ‘न मम’, म्हणजे ‘हें आतां माझें नव्हे’, असें देणारानें स्पष्ट म्हणावयाचें, असा दंडक त्यांनीं घालून दिला होता. दिलेली वस्तु खरोखर दिली कीं नाहीं, ह्याविषयीं मागाहून तंटा उरूं नये, हा त्यांतला व्यवहार. ह्या दंडकाची आठवण आम्हांस गेल्या श्रावणांत वारंवार झाली. ती कां झाली, हें सांगण्याचा विचार आहे.

त्याचें असें झालें. आमचा एक भाचा घरीं आला असतां त्याला आमच्या टेबलावर तीन वस्तु दिसल्या. दुधाच्या हिशेबाची वही, पत्ते लिहिलेली जुनी डायरी, आणि वर्तमानपत्रांतील कात्रणांनीं फुगलेलें एक पाकीट. तो हंसून म्हणाला, “मामा, हें सगळें आतां इंटरनेटवर फुकट होतें. एक महिना वापरून तर पाहा!” इंटरनेटवरील फुकटच्या आश्रयाविषयीं आमच्या मनांत एक जुना सल होता, व तो भाच्यालाहि ठाऊक होता. कदाचित् म्हणूनच त्यानें हा आग्रह केला असावा. आम्हीं तो मान्य केला. आणि इतर लोक श्रावणांत जशीं व्रतें धरतात, तसें आम्हीं हें फुकटव्रत धरिलें.

महिनाभरांत आम्हीं एकंदर नऊ खातीं उघडलीं. हिशेब ठेवणारें एक, टिपणें ठेवणारें एक, कात्रणांच्या ऐवजीं आवडलेल्या पानांच्या खुणा जपणारें एक, वंशवृक्ष काढून देणारें एक, छायाचित्रें सांभाळणारें एक, आणि उरलेलीं चार माणसांनीं माणसांस भेटण्याचीं, ज्यांना हल्लीं समाजमाध्यमें असें भारदस्त नांव पडलें आहे. प्रत्येक दारावर नांव, जन्मतारीख आणि मोबाईलचा क्रमांक विचारला जाई. मुलगी पाहावयास आलेला वरपक्षहि इतकी चौकशी पहिल्याच भेटींत करीत नाहीं. शिवाय प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड निराळा हवा, असें भाच्यानें बजावलें होतें. नऊ पासवर्ड लक्षांत राहण्याचें आमचें वय नव्हे. ते आम्हीं दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. आणि जिला निरोप देण्यासाठीं हा सारा खटाटोप चालला होता, ती वहीच घरांतली सर्वांत मोलाची वस्तु होऊन बसली!

ह्या साधनांनीं आम्हांस निराश केलें, असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. संगणकावर मराठी लिहावयाचें म्हणजे पूर्वीं केवढी यातायात होती, हें ज्यांनीं भोगलें आहे त्यांनाच ठाऊक. प्रत्येक फॉन्टची बाराखडी स्वतंत्र. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला कीं त्याच्या जागीं चिन्हांची नुसती रांगोळी दिसे. 1991 सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरीला जागा मिळाली; पुढें संगणकांनीं आणि मोबाईलनीं ती व्यवस्था स्वीकारली, तेव्हां ही आपत्ति टळली. परंतु आमचें जुनें लेखन त्या रांगोळींतच अडकून पडलें होतें. एका फुकटच्या साधनांत तें ओतल्याबरोबर क्षणार्धांत शुद्ध मराठी होऊन बाहेर आलें. दुसरें एक साधन छापील पानाचें छायाचित्र पाहून त्यांतलीं अक्षरें वाचून दाखवितें. त्यानें आमच्या एका जुन्या लेखांतील ‘धर्म’ सर्वत्र ‘घर्म’, म्हणजे घाम, असा वाचला. पुष्कळ धर्मकृत्यांचा शेवट घामांतच होत असल्यामुळें आम्हीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं.

वंशवृक्षाच्या साधनानें तर घरांत चैतन्यच आणिलें. आमच्या पणजोबांच्या धाकट्या बंधूंचें नांव काय, ह्यावरून आमचे थोरले बंधु आणि आम्ही दूरच्या दोन गांवांहून एकमेकांचीं तोंडें पाहात वाद घालूं लागलों. भेटीची ती सोयहि फुकटच, परंतु चाळीस मिनिटांपुरती. बंधु आपली चूक कबूल करण्याच्या अगदीं बेतांत आले असतां चाळीस मिनिटें भरलीं आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां पहिल्याच मतावर होते. समाजमाध्यमांच्या चारहि घरीं आम्हांस बहुतेक तींच माणसें भेटलीं, व चारहि ठिकाणीं त्यांनीं तेंच पुष्पयुक्त सुप्रभात केलें. तरीपण एके ठिकाणीं शाळेंतला एक सोबती सांपडला. ज्याचा पत्ता आम्हीं दोन तपांपूर्वीं हरवून बसलों होतों, त्यानें पहिल्याच ओळींत आमच्या गणिताच्या मास्तरांची नक्कल लिहून पाठविली! ह्या एका लाभाखातर इतर सारे सुप्रभात आम्हीं माफ केले.

आतां प्रश्न असा कीं, हें सारें फुकट वांटणारा कोण, आणि त्याचा चरितार्थ चालतो कशावर? थोडा विचार करतां आम्हांस असें दिसलें कीं, ह्या फुकटाच्या तीन जाती आहेत.

पहिली जात डांगोऱ्याची. भारतांत वाढलेले साबीर भाटिया व त्यांचे सहकारी जॅक स्मिथ ह्यांनीं 4 जुलै 1996 रोजीं अमेरिकेंत हॉटमेल सुरू केलें. कोणीहि यावें आणि फुकट टपालपेटी घ्यावी. मात्र ह्या पेटींतून निघणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशीं, तुम्हीहि अशी पेटी फुकट घ्या, अशा अर्थाची एक ओळ आपोआप उमटत असे. पत्र लिहिणारा आपल्या मावशीची खुशाली विचारी, आणि त्याच हातानें दुकानाची दवंडीहि पिटी. दीड वर्षाच्या आंत, 1997 च्या डिसेंबरांत, मायक्रोसॉफ्टनें तें दुकान विकत घेतलें. पुढें ह्या जातीचा विस्तार झाला. आपण काय वाचतों, कोठें थांबतों, कशावर बोट ठेवतों, ह्याची नोंद करून त्याप्रमाणें जाहिराती दाखवावयाच्या, व त्या जाहिरातींच्या पैशांवर घर चालवावयाचें, ही रीत रूढ झाली.

दुसरी जात वानगीची. हलवायानें बर्फीचा तुकडा हातावर ठेवावा, तशी. छायाचित्रें ठेवणाऱ्या फ्लिकरनें 2013 सालीं माणशीं एक टेराबाइट जागा फुकट देऊं केली. 2018 सालीं तो बेत बदलून, फुकट ठेवणाऱ्यांस 1,000 चित्रांची मर्यादा घालण्याचें जाहीर केलें. गूगलनें 2015 सालीं छायाचित्रांसाठीं अमर्याद जागा उघडली, आणि 1 जून 2021 पासून नव्या चित्रांपुरती ती अमर्यादता आवरली. ह्यांत लबाडी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. हलवायाचें दुकान वानगीवर चालत नाहीं, एवढेंच गिऱ्हाइकानें ओळखावयाचें.

तिसरी जात अन्नछत्राची. विकिपीडिया 15 जानेवारी 2001 रोजीं निघाला, व मराठी विकिपीडियाचा आरंभ 1 मे 2003 रोजीं, महाराष्ट्रदिनीं, झाला. लिहिणारे विनावेतन लिहितात, खर्च देणग्यांतून भागतो, आणि तेथील मजकूर मूळ लेखकांचा उल्लेख करून, व पुढें दुसऱ्यांसहि तीच मोकळीक देऊन, कोणींहि उचलून न्यावा, अशी उघड परवानगी आहे. ही परवानगी वाचली त्या दिवशीं आम्हांस ‘न मम’ हे शब्द प्रथम आठवले. दिलेली वस्तु घेणाऱ्याला घरीं नेतां येते कीं नाहीं, ह्यावरच दान आणि आश्रय ह्यांतला भेद ओळखावा.

कारण पहिल्या दोन जातींत मिळतो तो केवळ आश्रय. आणि तो आश्रय म्हणजे बिनभाड्याचें बिऱ्हाड होय. हा दृष्टांत आमच्या पदरचा नव्हे. 1994 सालीं अमेरिकेंत जिओसिटीज नांवाची जी वसाहत निघाली, तिच्या चालकांनींच तिच्या पेठा पाडल्या होत्या. सिनेमाच्या शौकिनानें हॉलिवूड नामक पेठेंत जागा धरावी, संगणकाच्या शौकिनानें सिलिकॉन व्हॅली नामक पेठेंत, आणि प्रत्येकाच्या पानाला घराप्रमाणें क्रमांक असावा. 1999 सालीं ती वसाहत याहूनें विकत घेतली, आणि 2009 च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतली ती सारी वस्ती उठविली. कांहीं स्वयंसेवकांनीं व सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्हनें तींतलीं पुष्कळ पानें धांवतपळत उतरवून घेतलीं, म्हणून तीं वांचलीं. 2004 च्या जानेवारींत निघालेलें ऑर्कुट तर आमच्याकडे घरोघर गेलें होतें. त्यावर मराठी मंडळींचे किती अड्डे जमले असतील! तें 30 सप्टेंबर 2014 रोजीं मिटलें. जगभरच्या लेखांचे ताजे अंक एकत्र आणून देणारा गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजीं गेला. याहूचे ग्रूप्स 15 डिसेंबर 2020 रोजीं बंद झाले. घर फिरलें कीं वासे फिरतात असें म्हणतात. येथें तर वाशांसकट घरच उचललें जातें.

ह्या ठिकाणीं आमचा तो जुना सल सांगणें प्राप्त आहे.

आमच्या मातोश्रींचें बालपण कोंकणांत गेलें. त्यांच्या आई पहांटे जात्यावर बसून ज्या ओंव्या म्हणत, त्या ऐकून ऐकून मातोश्रींना पाठ झाल्या होत्या. पिठाची गिरणी आली, जातें माळ्यावर गेलें, ओंव्या मात्र त्यांच्या गळ्यांत राहिल्या. 2008 सालच्या दिवाळींत सारें कुटुंब जमलें असतां, ह्याच भाच्यानें, तेव्हां तो शाळेंत होता, आपल्या आजीला आग्रह करून ओंव्या म्हणावयास लाविल्या आणि मोबाईलवर आवाज टिपून घेतला. मातोश्री आधीं लाजल्या. “जात्याच्या घरघरीवांचून ओंवी म्हणावयाची कशी रे?” असें त्या म्हणाल्या. मग उजवा हात हवेंतच, खुंटा धरल्यासारखा, गोल फिरवीत त्यांनीं आरंभ केला, आणि चौदा ओंव्या झाल्यावरच तो हात थांबला.

तो आवाज भाच्यानें आमच्या नांवें खातें उघडून एका फुकटच्या सेवेंत ठेवला, व त्याचा पत्ता सर्वांस कळविला. पत्ता सर्वांपाशीं होता म्हणूनच प्रत कोणापाशींहि राहिली नाहीं. 2011 सालीं मातोश्री गेल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशीं आम्हीं सर्वांनीं मिळून तो आवाज एकदां ऐकिला; त्यानंतर पुन्हां ऐकण्याचा धीर कोणास झाला नाहीं. 2016 सालीं आमच्या कन्येनें आपल्या मुलीच्या बारशाला आजीच्या ओंव्या लावूं म्हणून पत्ता उघडला, तों त्या ठिकाणीं कांहींच नव्हतें. आदल्या वर्षींच ती सेवा बंद झाली होती.

आम्ही संतापलों. सूचना तरी द्यावी कीं नाहीं? चौकशी करतां कळलें कीं, तीन महिन्यांची सूचना रीतसर दिली होती. ती आमच्या ज्या टपालपेटीवर गेली, ती पेटीहि फुकटचीच. दुसरीकडे अधिक ऐसपैस पेटी मिळतांच आम्हीं तिच्याकडे पाठ फिरविली होती, आणि न वापरल्यामुळें ती केव्हांच बंद झाली होती. एका बिनभाड्याच्या बिऱ्हाडाची नोटीस दुसऱ्या बिनभाड्याच्या बिऱ्हाडावर डकविली गेली, आणि तें दुसरें बिऱ्हाड आम्हीं न सांगतां सोडलेलें होतें! ज्या मोबाईलवर आवाज टिपला होता, तो भाच्यानें नवा घेतांना जुन्याच्या भावांत देऊन टाकिला होता. त्यानें त्या दिवशीं आमच्यासमोर मान वर केली नाहीं, व आम्हींहि त्याला कांहीं बोललों नाहीं. मात्र तेव्हांपासून फुकटच्या सेवांविषयीं आमच्या मनांत जी अढी बसली ती कायमची.

गेल्या श्रावणांत ती अढी थोडी सैल झाली. आणि तिचें कारण असें कीं, जें आम्हीं 2008 सालीं केलें नव्हतें तें ह्या वेळीं केलें. प्रत्येक दारावर लावलेल्या अटी, चष्मा पुसून, शेवटपर्यंत वाचल्या. भाषा रुक्ष, ओळी बारीक. परंतु बहुतेकांचें तात्पर्य एकच होतें. सामान तुमचें, घर आमचें. घर जसें आहे तसें घ्यावें. आणि तें केव्हां बदलावयाचें वा बंद करावयाचें, हें आम्ही ठरवूं. ‘न मम’ असें त्यांपैकीं कोणींहि म्हटलें नव्हतें. तसें म्हटल्याचा समज आम्हींच करून घेतला होता.

आम्हांस आठवलें कीं, 1947 सालीं मुंबई प्रांतांत भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, त्याच्या आधारावर किती कुटुंबांनीं आपल्या दोन खोल्या आयुष्यभर राखल्या! महिन्याचे कांहीं रुपये आणि त्यांची पावती, एवढ्यावर भाडेकरू मालकाशीं न्यायालयांत उभा राही. आमच्यापाशीं पावती नव्हती, कारण आम्हीं भाडें दिलें नव्हतें. पैशाचें भाडें मागितलेंच नव्हतें, हें खरें. पण ज्या जागेंत आईचा आवाज ठेविला, ती जागा उभी आहे कीं पडली, हें पाहावयास आम्हीं पांच वर्षांत एकदांहि गेलों नाहीं. पैसे देऊन घेतलेली वस्तु माणूस जपतो. फुकट मिळालेल्या कोनाड्यांत सोनें ठेवलें तरी त्यालाहि फुकटाचीच कळा येते. गूगलनें 2023 च्या मे महिन्यांत जाहीर केलें कीं, दोन वर्षें न उघडलेलीं व्यक्तिगत खातीं त्या वर्षाच्या डिसेंबरापासून काढून टाकण्यांत येऊं शकतील. हें वाचून पूर्वीं आम्ही चिडलों असतों. आतां वाटलें, ओसाड घराचा निकाल कोठेंहि असाच लागतो. आणि त्याच गूगलनें 2011 पासून ‘टेकआउट’ नांवाचें दार ठेवलें आहे, ज्यांतून आपलें सामान बांधून घरीं नेतां येतें. अशीं दारें आमच्या नऊ खात्यांपैकीं बहुतेकांना होतीं. अडचण एवढीच कीं, बिऱ्हाड मांडतांना माणूस मागच्या दाराची चौकशी करीत नाहीं.

ओंव्यांचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. आमची थोरली बहीण, ह्या भाच्याची आई, अक्का, हिचा यंत्रांवर कधींच विश्वास नव्हता. दिवाळीच्या त्या संध्याकाळीं भाचा मोबाईल धरून बसला होता, तेव्हां ती भिंतीला टेकून एका शाळकरी वहींत ओंव्या उतरून घेत होती. ही वही तिनें आम्हांस आवाज गेल्यानंतर पुष्कळ दिवसांनीं दाखविली. तींत अकरा ओंव्या आहेत. बाकीच्या तीन म्हटल्या गेल्या, त्या वेळीं ती कढईंतल्या चकल्या उलटावयास स्वयंपाकघरांत गेली होती. त्या तीन कोणालाच आठवत नाहींत.

ह्या श्रावणांत त्या अकरा ओंव्या आम्हीं स्वतः मोबाईलवर मराठींत टिपून काढल्या. शब्द आले, चाल आली नाहीं. अक्का एका चालीनें म्हणते, आमच्या कानांत दुसरीच आहे, आणि निवाडा करणारा आवाज उरलेला नाहीं. भाच्यानें आम्हांस एके दिवशीं ग्रामीण भारताचें लोकसंग्रहालय म्हणून जें संकेतस्थळ आहे, तें उघडून दिलें. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्या अभ्यासकांनीं महाराष्ट्रांतील गांवोगांव हिंडून जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओंव्या जमविल्या; त्या 2017 पासून तेथें क्रमाक्रमानें प्रसिद्ध होत आल्या आहेत, आणि ऐकावयास पैसा पडत नाहीं. आम्ही तिघेजण दुपारभर ऐकत बसलों. एका बाईची चाल लागली, तशी अक्का एकदम म्हणाली, “हीच! आई अशीच म्हणायची.” आम्हांस तसें वाटलें नाहीं, पण आम्हीं वाद घातला नाहीं. भाचा त्या वेळीं खिडकीबाहेर पाहात होता.

श्रावण संपला, तेव्हां नऊ खात्यांपैकीं सात आम्हीं बंद केलीं. न सांगतां सोडून दिलीं नाहींत, रीतसर निरोप घेऊन बंद केलीं. दोन ठेविलीं. एक तो शाळासोबती जेथें भेटतो तें, आणि दुसरें टिपणांचें, ज्यांत त्या अकरा ओंव्या आहेत. त्यांची एक प्रत घरच्या संगणकावर आहे, आणि अक्काच्या वहीच्या झेरॉक्स प्रती प्रत्येक भावंडाच्या कपाटांत आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेस गवळी दुधाचे पैसे घ्यावयास येतो. त्याचा हिशेब मिटला कीं आम्ही वहीचें शेवटचें पान काढतों, तीं दोन्ही खातीं उघडतों, आंत सारें जागच्या जागीं आहे ना तें पाहतों, आणि नवी प्रत घरीं उतरवून घेतों. ह्या कामाला दहा मिनिटें लागतात, पैसा एकहि लागत नाहीं. पण खातें मिटतांना, भाडें चुकतें केल्यासारखें वाटतें.